मुजफ्फरची माती

कोसमटोला, ता. एटापल्ली
२५ सप्टेंबर २०२२

उस्ताद,

जय भीम, आणि सलामही. कुस्तीत चेंबलेल्या तुमच्या कानांना फोन ऐकू येत नाही आणि इथे रेंज सापडायला टेकडी चढावी लागते, म्हणून सरळ पत्र लिहायला बसलो. अक्षर वाईट आहे, माहीत आहे. शिव्या भेटीत द्या.

परवा आमच्या तालुक्याची शालेय कुस्ती स्पर्धा झाली. झाली म्हणजे उरकली. प्रत्येक वजनगटात एकेकच पोर, समोर जोडच नाही. पंच हात वर करतो आणि प्रमाणपत्र देतो. आमच्या शाळेची रिना मेश्राम एकही कुस्ती न खेळता तालुक्यात पहिली आली. आता ती जिल्ह्यावर जाईल आणि पहिल्याच झटक्यात चारी मुंड्या चीत होऊन परत येईल. पोरगी दांडगी आहे, पन्नास किलोच्या वरची, हातात जोर आहे, हसते पण भरपूर. पण तिला शिकवू कशावर? शाळेमागे नुसता मुरूम. पडलं की कातडी निघते.

ऐकलं की तुमच्या आखाड्याच्या जागी मॅटचा हॉल होतो आहे आणि हौद्यातली माती उपसावी लागणार. म्हणून हट्टाने मागतो. तुमचा मुजफ्फर त्या हौद्यात गेला त्याला चौदा वर्षं झाली. आपल्याकडची रीत मलाही ठाऊक आहे. ज्या हौद्यात पहिलवान जातो, त्याची माती नदीला द्यायची आणि नवी भरायची. तुमच्या हातून ते झालं नाही. तुम्ही वर टिनाचे पत्रे टाकून ती झाकून ठेवलीत. मी तुमच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. मी त्याचा सरावाचा जोड होतो, उस्ताद. त्या दुपारी छेचाळीस किलोच्या गटात बसायला तो पाणी पिणं तोडून, घाम गाळायला घोंगडी पांघरून हौद्यात गोल गोल पळत होता आणि मी त्याच्यासाठी केळी आणायला चौकात गेलो होतो. वजनाच्या काट्यावर उभं राहायच्या आधीच तो पडला.

आता ती माती कुठल्या तरी प्लॉटच्या भरणीत जाणार असेल तर मला द्या. पोरं तिच्यावर खेळतील. त्याला आवडेल.

तुमचा
अश्वजित


राजुरा
९ ऑक्टोबर २०२२

अश्वजित बेटा,

दुआ. अक्षर खरंच वाईट आहे. तुझ्या पोरांना तू लिहायला शिकवत नाहीस, एवढं बरं आहे.

तुझं पत्र तुझ्या चाचीला वाचून दाखवलं. रहमतबी म्हणाली, "वो मिट्टी नदी की है. उसको बाँटो मत." मी म्हटलं, नदीला काय कुस्ती खेळायची आहे? तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. स्वयंपाक करते, समोर आणून ठेवते, बोलत मात्र नाही.

तुझ्या पत्राची बातमी फुटली आणि आणखी लोक आले. कोरपन्याला माझा पुतण्या जिशान खेळ शिकवतो, त्याला हवी आहे. वरोऱ्याच्या एका खासगी शाळेचा मास्तर मोटरसायकलवर आला. आमच्या गल्लीमागच्या शाळेनेही मागितली. मी चार वाटे केले. नथ्थूचा टेम्पो तुझ्याकडे माती घेऊन येतो आहे.

मातीत तेल, हळद, ताक आणि लिंबू पोटभर घाल. चप्पल घालून कोणी हौद्यात उतरला तर त्याचे पाय बांध. आणि मुलगी मातीत उतरते म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

टिना काढल्या तेव्हा माती जशीच्या तशी होती. त्याच्या पडण्याची जागा अजून दिसत होती. मी तिथे हात ठेवला. उन्हात ठेवल्यासारखी गरम लागली.

अयूब पहलवान


कोसमटोला
११ ऑक्टोबर २०२३

उस्ताद,

वर्षभर लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता जिल्हा स्पर्धा झाली आहे, सांगावंच लागेल.

आमची पोरं जिंकत सुटली आहेत. ज्यांना मी पट काढायला धड शिकवलं नाही, ती पोरं पट काढतात. रिना गडचिरोलीला पहिली आली आणि यावेळी समोर खरोखरची जोड होती. आता प्रत्येक शाळा पोरं उतरवते आहे. आमच्याकडची कुस्ती बघायला लोक झाडांवर चढतात. हेडमास्तरांनी मला चक्क खुर्ची दिली.

पण दोन गोष्टी तुम्हालाच सांगण्यासारख्या आहेत. पहिली, ही माती काही भिजत नाही. ताक घातलं तर ते वर थांबलं आणि कडेने वाहून गेलं. मला वाटलं, इतकी वर्षं टिनाखाली होती, कोरडी पडली असेल. मग पावसाळा आला. तुम्हाला आमचा पावसाळा माहीत आहे, पंधरा-पंधरा दिवस गाव तुटतं. हौद्यावर छप्पर नाही. भोवती चिखल, आणि हौद्यातली माती हातात घेतली तर धूळ उडते.

दुसरी गोष्ट रिनाची. आतली टांग मारण्याआधी मुजफ्फर डावा पाय मातीवर दोनदा घासायचा, आठवतं? तुम्ही त्यावरून त्याला छडीने मारायचात, की समोरच्याला डाव कळतो. रिना तसाच पाय घासते. मी तिला शिकवलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मले काय माईत सर, पाय आपोआप जाते." आणि टांग लागते, उस्ताद. कोणालाही लागते.

मला भीती वाटली आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त आनंद झाला. त्या रात्री मी घरी येऊन खूप रडलो.

अश्वजित


राजुरा
२ नोव्हेंबर २०२३

अश्वजित,

तुझं पत्र खिशात घेऊन मी चंद्रपूरला आमची जिल्हा स्पर्धा बघायला गेलो. पूर्वी ही स्पर्धा जेवणाआधी संपायची. आता वजनाच्या काट्यापुढे रांग रस्त्यापर्यंत. आया डबे घेऊन आलेल्या, मास्तर शिट्ट्या घेऊन पळताहेत, एक एक कुस्ती बघायला पोलीस पण थांबतात. शाळा शाळांचे झेंडे लागले होते. माझ्या उभ्या आयुष्यात या भागात मी असं पाहिलं नव्हतं.

शेवटची कुस्ती कोरपन्याच्या पोराची आणि वरोऱ्याच्या पोराची. दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं. सलामी झाली. दोघांनी एकदम डावा पाय घासला. दोनदा. मॅटवर, जिथे घासून काही फायदा नाही. दोघांनी एकदम आतली टांग टाकली आणि दोघं तसेच अडकून उभे राहिले. कोणी पडेना. आरशापुढे एकच मुलगा उभा असावा तसं दिसत होतं. पब्लिक शिट्ट्या मारत होती. मी माझ्या मुलाला माझ्या मुलाशी लढताना बघत होतो आणि शाबासकी कोणाला द्यावी ते मला कळत नव्हतं.

कोण जिंकलं ते मी बघितलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं.

घरी येऊन सगळं रहमतबीला सांगितलं. वर्षाने ती बोलली. म्हणाली, "खाया क्या उसने? पूछा क्या तुमने?" बायकांना असलंच सुचतं.

तू त्याच्या जवळ आहेस. तो काही बोलतो का? बोलला तर मला शब्दन् शब्द लिहून कळव. अक्षर कसंही असू दे.

अयूब


कोसमटोला
४ ऑगस्ट २०२४

उस्ताद,

तुम्ही विचारलं होतं, तो बोलतो का. तेव्हा बोलत नव्हता. आता बोलतो, आणि मला तो बोलायला नको आहे.

रिनाची आई मीराबाई आमच्या शाळेजवळच राहते, धानाच्या रोवणीला जाते. मागच्या आठवड्यात ती चिखलाच्या पायांनीच माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, पोरगी पानीच पीत नाई. समोर तांब्या धरला का तोंड फिरवते. जेवन पाह्यलं का उठून जाते. काऊन अशी करून राह्यली?" मी नीट बघितलं तेव्हा मलाच माझी लाज वाटली. जिंकण्याच्या नादात मी पोरीकडे बघितलंच नव्हतं. तिची गालफडं बसली आहेत. ओठ फुटले आहेत. हसणारी पोरगी तासन् तास हौद्याच्या काठावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसते आणि थुंकत राहते. वजन उतरवायला पहिलवान थुंकतात, तसं. हे तिला कोणी सांगितलं नाही. तिला खालच्या गटात खेळायची काहीच गरज नाही, तिच्या गटात तिला जोड नाही.

मी म्हटलं, "रिना, घरी जा." तिने मान वर केली आणि म्हणाली, "आशू, काटा किती दाखवून राह्यला?"

मला आशू म्हणणारा जगात एकच होता. आवाज रिनाचाच होता. पण ती माझ्याकडे जशी बघत होती ना उस्ताद, तशी मोठ्या माणसाकडे मुलं बघत नाहीत. बरोबरीच्याकडे बघतात. ती पुन्हा म्हणाली, "सांग ना बे. छेचाळीस झाले का?"

कोरपन्याला जिशानभाईंना विचारलं. त्यांची पोरंही वाळत चालली आहेत. पण ते खूश आहेत, म्हणतात पोरं स्वतःहून शिस्तीत आली. आता इतक्या शाळा उतरतात की गटात जागा मिळवायला सगळेच पोरांना सुकवतात, त्यामुळे कोणाला यात वेगळं काही दिसत नाही.

आपण चुकलो. ती माती नदीचीच होती. तुम्ही होकार द्या, मी माझा वाटा बांडे नदीला देऊन येतो. तुमची माती आहे, तुमच्या शब्दाशिवाय मी हात लावणार नाही.

अश्वजित


राजुरा
१४ ऑगस्ट २०२४

अश्वजित,

माती आपण मला मागितलीत, गुरुजी. आता आपणच सांगता की फेकून द्या.

माझा मुलगा कोणाचं वाईट करणार नाही. तो जिवंत असताना हरलेल्या पोराला हात देऊन उठवायचा. तुझ्या शाळेतली मुलगी अशक्त असेल तर तिला दूध पाज, डॉक्टरला दाखव. सगळं त्याच्या माथी मारू नकोस. तू त्याला एकदाही पाडू शकला नाहीस, ते अजून मनात असेल तर तसं सांग.

मला तो चौदा वर्षांनी मिळाला आहे. मी होकार देणार नाही.

अयूब


सरकारी दवाखाना, गडचिरोली
१९ सप्टेंबर २०२४

उस्ताद,

तुमच्या पत्राचं वाईट वाटलं, पण रागावायला वेळ नाही. रिना इथे भरती आहे. शाळेच्या मैदानाला चकरा मारताना पडली. भर दुपारी, अंगावर घोंगडी होती. ती घोंगडी घरून आणली नव्हती, मीराबाईंच्या घरात घोंगडी नाही. कुठून आली ते मला ठाऊक नाही.

सलाईन लावलं तर थेंब नळीत थांबतो. सुई बदलली, हात बदलला, नळी बदलली. सिस्टर म्हणते शीर चांगली लागली आहे, पण पाणी आत जात नाही. चमच्याने पाजलं तर ओठावरून तसंच घरंगळतं, ओठ ओलेसुद्धा होत नाहीत. डॉक्टर भले आहेत, पण आता ते आमच्याशी बोलताना खाली बघतात. म्हणाले, असंच राहिलं तर दोन-तीन दिवस.

तुमचा शब्द मोडून मी मातीला हात लावला, माफ करा. इथे येण्याआधी एक टोपली नदीत टाकली. ती बुडाली नाही. वर तरंगत राहिली, कोरडीच, आणि प्रवाह सोडून काठाला येऊन थांबली. ती त्याला सोडायची नाही, किंवा तो तिला. माझं तो ऐकत नाही. मी त्याचा जोड होतो, जोडाचं कोण ऐकतं?

मीराबाई खाटेशी बसून आहे. तिला मुजफ्फरचं काही माहीत नाही, माती बाधली एवढंच गावात ऐकलं आहे. मघाशी तिने मला विचारलं, "गुरुजी, ज्याच्याकडून माती आणली त्याइले लेकरू नाई का?"

मी काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

अश्वजित


सरकारी दवाखाना, गडचिरोली
२३ सप्टेंबर २०२४

उस्ताद,

तुमचं उत्तर आलं नाही. त्याऐवजी शाळेतून निरोप आला की राजुऱ्याहून एक म्हातारा पहलवान टेम्पोने आला होता आणि हौदा रिकामा करून गेला.

काल दुपारी तुम्ही तिथे होता ना? काल दुपारी सलाईनचा थेंब सुटला. आम्ही तिघं नळीकडे बघत होतो, सिस्टर, मीराबाई आणि मी. टप् टप् पडायला लागला आणि बाटली बघता बघता संपली. दुसरी लावली. मग रिनाने डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, पानी." तिच्याच आवाजात. मला बघून घाबरली आणि म्हणाली, "सर, तुमी इथी कायले आले? शाळा नाई का?"

मीराबाई हसत होती, रडत होती आणि मलाच बदडत होती.

तुम्ही काय केलंत? आणि मला न भेटता का गेलात?

अश्वजित


वरोरा
६ ऑक्टोबर २०२४

अश्वजित बेटा,

मी न भेटता गेलो, कारण त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुझं पत्र वाचलं, रहमतबीला दाखवलं. तिने माझ्या चपला आणून समोर ठेवल्या.

तुझ्या शाळेत स्वयंपाक करणारी सुकरी आहे ना, तिने पाण्याने भरलेले पितळी गुंड आणून दिले. मी हौद्यात उतरलो आणि त्याच्याशी बोललो. घरी चल म्हटलं. अम्मी वाट बघते म्हटलं. रागावलो, हात जोडले. पाणी ओततो तर वरून वाहून जातं. सुकरी म्हणाली, "बुढ्या, हे माती तुयं आयकत नाई." खरं होतं. पहिलवान बापाचं कुठे ऐकतो? काट्यापाशी तो फक्त पंचाचं ऐकतो. आणि त्याचं नाव पंचाने कधी पुकारलंच नव्हतं, तो त्याआधीच पडला होता. इतकी वर्षं तो आपलं नाव यायची वाट बघत पळतो आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी ताठ उभा राहिलो आणि पंच पुकारतात तसं मोठ्याने पुकारलं, "मुजफ्फर अयूब शेख, राजुरा, गट छेचाळीस." समोर माती दोनदा घासली गेली. पाय नव्हता, बेटा. नुसता घासल्याचा पट्टा उमटला, माझ्या पायापासून हातभर अंतरावर. सुकरीनेही पाहिला. तिने हातातला गुंड सोडला नाही, याबद्दल तिला माझा सलाम सांग.

मी म्हटलं, "पास." मग त्याला सांगितलं, की त्या दुपारी तुला मी या हातांनी उचललं. आयुष्यभर माणसं उचलली आहेत, वजन मला काट्याशिवाय कळतं. तू केव्हाच गटात बसला होतास. ती शेवटची धाव धावायची गरजच नव्हती. आता पाणी पी.

आणि ओतलं. मातीने घेतलं. गुंडामागून गुंड. शाळेतून आला की तांब्या तोंडाला लावून प्यायचा, तेव्हा त्याच्या घशाचा आवाज व्हायचा. तो आवाज मला ऐकू आला, माझ्या या फुटक्या कानांना. मी ओतत राहिलो. शेवटी चिखल झाला, साधा चिखल. नथ्थूने आणि मी तो नदीला दिला. नदीने घेतला.

आता तुझी पोरं तो डाव विसरतील. हरतीलही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी चार वाटे केले होते. एका मुलाला चारदा नावाने पुकारायचं आणि चारदा सोडायचं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, नाही गेलं. कोरपन्याला जिशान पाया पडून रडला. राजुऱ्याला रहमतबीने स्वतःच्या हाताने पाणी घातलं आणि घरी येऊन कधी नव्हे ते माझ्या ताटात जेवली.

आता वरोऱ्यात शाळेच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसून लिहितो आहे. कालपासून मला आत घेत नाहीत. मास्तर वाईट नाही, कावलेला आहे. विभागात इतकी चुरस आहे की एक पोरगं ढिलं पडलं तर मागे रांग उभी आहे. म्हणतो, "चाचा, राज्य स्पर्धा होऊन जाऊ द्या, मग सगळी माती घेऊन जा. आता पोरं फॉर्मात आहेत." मी त्याला म्हटलं, आमचा मुजफ्फरही हेच म्हणत होता, की स्पर्धा झाली की पाणी पितो. त्याने मान फिरवली.

मैदानात एक पोरगा पळतो आहे. चंद्रपूरला पाहिलेला तोच. ऊन कडक आहे आणि त्याच्या अंगावर घोंगडी आहे. मागच्या फेरीला फाटकाजवळून गेला तेव्हा मी हाक मारली. तो थांबला नाही, पण माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "अब्बू, बस एक चक्कर और."

पत्र इथेच थांबवतो. तो परत या बाजूला येतो आहे, आणि फाटक काही फार उंच नाही.

अयूब